होली: फायनल फँटसीतला पांढरा प्रहार पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी

फायनल फँटसी या व्हिडिओ गेम मालिकेत तलवार योद्ध्याकडे असते, आग-बर्फ-वीज काळ्या जादूगाराकडे. सबंध खेळभर मागच्या रांगेत उभं राहून सगळ्यांच्या जखमा भरून काढणारा (हील करणारा) असतो तो पांढरा जादूगार, म्हणजे व्हाइट मेज. खेळ बराच पुढे गेला की या व्हाइट मेजच्या हातात एक जबरदस्त हल्ला येतो. पडदा पांढराशुभ्र होतो, आवाज चढत जातो आणि समोरच्याच्या डोक्यावर हजारोंचा आकडा उमटतो. हाच होली. शब्द इंग्रजी, अर्थ 'पवित्र'. रंगांच्या सणाशी त्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगते, कारण माझ्या भाच्याने पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं.

भाचा सांगलीला असतो, फोनवर खेळतो. होली मिळाला त्या रात्री त्याचा फोन आला. "मावशी, होली मिळाला, तरी बॉसने अख्खी पार्टी मारली." मी विचारलं, होली कोणी मारला? म्हणाला, सेलेसने, म्हणजे त्याच्या पार्टीतल्या, चमूतल्या, एका पात्राने, दर पाळीला. मग हील कोण करत होतं? पलीकडे शांतता.

हा लेख त्या शांततेतूनच आला. होलीची खरी किंमत एमपीत, म्हणजे जादूला लागणाऱ्या ताकदीच्या आकड्यात, मोजायची नसते. ज्या पाळीला तो मारला त्या पाळीला हील झालं नाही, ही त्याची किंमत. ही एक गोष्ट मनात ठेवून खालच्या पायऱ्या वाचल्यात, तर मालिकेतला कुठलाही भाग उघडा, होली वाया जाणार नाही.

पहिली पायरी: जुन्या नावांचा घोळ सोडवा

आधी हे, कारण नवे लोक इथेच अडकतात. जपानीत या जादूचं नाव 1987 च्या पहिल्या भागापासून होलीच आहे. पण अमेरिकेतल्या निन्टेन्डोला तेव्हा खेळात धार्मिक शब्द चालत नसत. त्यामुळे पहिल्या भागाच्या जुन्या इंग्रजी आवृत्तीत होलीचा 'फेड' झाला, चौथ्यात 'व्हाइट' आणि सहाव्यात 'पर्ल'. पहिल्या भागात जादूच्या नावाला चारच अक्षरांची जागा होती. होली हा इंग्रजी शब्द त्या जागेत नेमका बसत होता, तरी तो काढला. म्हणजे कारण जागेचं नव्हतं.

जुनी मार्गदर्शिका चाळताना 'पर्ल कुठे मिळेल' असं काही वाचलंत, तर ती होलीबद्दलच बोलते आहे असं समजा. आता फोनवर, संगणकावर आणि कन्सोलवर मिळणाऱ्या पहिल्या सहा भागांच्या पिक्सेल रीमास्टर आवृत्त्यांत सगळीकडे होली हेच नाव आहे. नव्याने सुरुवात करत असाल तर त्याच घ्या.

दुसरी पायरी: तुमच्या भागात होली नक्की काय करतो ते बघा

नाव एक असलं तरी प्रत्येक भागात त्याचं काम वेगळं आहे. पहिल्या भागात तो समोरच्या सगळ्या शत्रूंना एकदम लागतो. सहाव्यात आणि दहाव्यात एकाच शत्रूला. चौदाव्यात तो तुमच्या स्वतःभोवती फुटतो आणि वर शत्रूंना क्षणभर बधिर करतो. एका भागात लागलेली सवय दुसऱ्या भागात नेली की हात पोळतो.

सातव्या भागात तर होली तुमच्या मेनूत येतच नाही. तिथे तो कथेचा प्राण आहे: एरिथ या पात्राकडचा पांढरा मटेरिया (जादूचा गोळा), आकाशातून येणारा मीटिअर आणि तो थांबवण्यासाठी केलेली प्रार्थना. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी याहून जास्त सांगत नाही. लढाईत पवित्र हल्ला हवाच असेल तर अलेक्झांडरचा समन मटेरिया, म्हणजे त्याला लढायला बोलावून घेणारा मटेरिया, घ्या. बर्फाच्या प्रदेशात, ग्रेट ग्लेशियरमध्ये, गरम पाण्याचा झरा आहे. आधी त्या पाण्याला हात लावायचा, मग गुहेतल्या स्नो नावाच्या बाईशी बोलायचं. झऱ्याला हात न लावता गेलात तर ती लढतच नाही, आणि लढल्याशिवाय अलेक्झांडर मिळत नाही.

आठव्या भागाची तऱ्हा आणखी निराळी. तिथे जादू शत्रूकडून खेचून साठवायची असते, प्रत्येक पात्राकडे एका जादूचे जास्तीत जास्त 100 नग. ते नग एखाद्या गुणाला जोडले की तो गुण वाढतो. होली मारला की साठा एकाने कमी होतो आणि जोडलेला गुणही घसरतो. म्हणून तिथे होली साठवून ठेवावा, मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शस्त्राच्या एलिमेंटल हल्ल्याला होली जोडला की साध्या वारातच पवित्र गुण उतरतो आणि साठा जसाच्या तसा राहतो.

तिसरी पायरी: मिळवा

सगळ्या भागांतल्या वाटा इथे मावणार नाहीत. नवीन माणूस जिथून सुरुवात करण्याची शक्यता जास्त, ते तीन भाग घेते.

पहिल्या भागात सुरुवातीच्या कॉर्नेलिया गावातच 'डिआ' नावाची पांढरी जादू विकत मिळते. ती घ्या. ती फक्त अनडेडना, म्हणजे सांगाडे आणि भुताखेतांना लागते, पण सुरुवातीच्या गुहांमध्ये तेवढंच पुष्कळ होतं. होली मात्र आठव्या पातळीची जादू आहे आणि साधा व्हाइट मेज ती शिकूच शकत नाही. आधी त्याला व्हाइट विझार्ड करावं लागतं. त्यासाठी परीक्षेच्या किल्ल्यात जाऊन उंदराची शेपटी आणायची आणि ती बहामूट या ड्रॅगनला दाखवायची. तो चौघांचंही रूप बदलून देतो.

इथे एक निवड डोकं खाते. या भागात एका पातळीच्या चार जादू असतात आणि एका पात्राला त्यातल्या तीनच शिकता येतात. आठव्या पातळीवर होली, फुल-लाइफ, नलऑल आणि डिस्पेल आहेत. मी डिस्पेल सोडते. फुल-लाइफ मेलेल्याला पूर्ण ताकदीनिशी उठवते, नलऑल मोठ्या हल्ल्यांपासून सांभाळते. या दोन्ही हातात असल्या तरच होली निर्धास्तपणे मारता येतो. शिवाय इथे जादू एमपीवर चालत नाही, पातळीनुसार ठरावीक वेळा मारता येते. आठव्या पातळीचे वार सुरुवातीला बोटावर मोजण्याइतकेच असतात, आणि फुल-लाइफही त्याच वारांतून जाते. होलीचा एक वार म्हणजे कोणालातरी उठवण्याची एक संधी कमी. तळघरातल्या किरकोळ टोळीवर तो उधळू नका.

पाचव्या भागात होली फोर्क टॉवरमध्ये आहे, आणि मालिकेतल्या सगळ्या शोधांमध्ये मला हा सर्वांत आवडतो. मनोरे दोन, जुळे. एकात फक्त शस्त्रं चालतात, दुसऱ्यात फक्त जादू. चौघांची दोन-दोनमध्ये फाळणी करून दोन्ही मनोरे एकाच वेळी चढायचे आणि दोन्ही टोकांवरच्या रखवालदारांना हरवायचं. शस्त्रांच्या मनोऱ्यावर मिनोटॉर आहे, त्याच्याकडे होली. जादूच्या मनोऱ्यावर ऑम्निशंट, त्याच्याकडे फ्लेअर ही काळी जादू.

तयारी अशी करा. सगळ्यांत ताकदवान दोन हात मिनोटॉरकडे. जादूच्या मनोऱ्यात दोघांपैकी एक तरी काळ्या जादूत पोचलेला हवा, आणि तिथे चुकूनही शस्त्र उगारायचं नाही. ऑम्निशंटला शस्त्र लागलं की तो लढाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. आधी केलेली सगळी मेहनत पाण्यात.

मिनोटॉर मरतानाचा क्षण लक्ष देऊन बघा. शेवटच्या श्वासाला तो होली मारू बघतो. नाव पडद्यावर येतं. आणि एमपी पुरत नाही म्हणून काहीच होत नाही. ज्या मनोऱ्यात जादूला थाराच नाही, तिथल्या रखवालदाराच्या स्वाधीन सगळ्यांत मोठी पांढरी जादू, आणि त्याला ती कधीच वापरता आली नाही. पलीकडचा ऑम्निशंट मात्र मरताना फ्लेअर मारतो आणि तो लागतो, म्हणून त्या मनोऱ्यातल्या दोघांचं आरोग्य शेवटच्या वारापूर्वी भरून ठेवा.

होली हाती आला की व्हाइट मेजला 20 एमपीत मारता येतो. याच भागातला मिस्टिक नाइट तर होली तलवारीवरच चढवतो. तो मार्ग नक्की करून पाहा, कारण जादू एकदाच खर्च होते आणि त्या लढाईतला पुढचा प्रत्येक वार पवित्र होतो. हील करणाऱ्याची पाळीही मोकळी राहते.

सहाव्या भागात, जिथे माझा भाचा अडकला होता, होली अलेक्झांडरच्या मॅजिसाइटमधून, म्हणजे जादू शिकवणाऱ्या दगडातून, शिकायचा असतो. जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या भागात सायन या पात्राला बरोबर घेऊन डोमाच्या किल्ल्यात जा आणि तिथल्या खाटेवर झोपा. सायनच्या स्वप्नात उतराल. त्या स्वप्नाच्या शेवटी रेक्ससोल नावाचा शत्रू आहे, तो पडला की अलेक्झांडर तुमचा. स्वप्नातला सायनच्या बायको-मुलाचा भाग घाईने पुढे ढकलू नका. पूर्वार्धात विषाने मेलेल्या त्या किल्ल्यातल्या माणसांचं दुःख सायन इतके दिवस कुठे घेऊन फिरत होता, ते इथे कळतं.

मॅजिसाइट पात्राला लावला की प्रत्येक लढाईच्या जादूगुणांबरोबर शिकणं पुढे सरकतं. होलीचा वेग दोन पट, म्हणजे 50 गुण मिळाले की 100 टक्के. मी मॅजिसाइट एका वेळी एकालाच लावते आणि पूर्ण होईपर्यंत हलवत नाही. आधी कोणाला? इथेच भाच्याची गफलत झाली होती. पार्टीत हील करणारी एकटी सेलेस, आणि होलीही एकट्या सेलेसकडेच. होली दुसऱ्याच कोणालातरी शिकवा, जादूत दम असलेल्या पण त्या लढाईत हील न करणाऱ्या पात्राला. टेरा हे सरळ उत्तर. तिच्या कानात इअररिंग घाला, जादूचा मार पाव पटीने वाढतो. होलीला 40 एमपी लागतात, तेव्हा गोल्ड हेअरपिन मिळाली असेल तर तीही लावा, निम्म्यात काम होतं.

आणि पुढे अल्टिमा हाती आली की होली मागे पडेल. अल्टिमाची ताकद 150, होलीची 108. अल्टिमा सगळ्यांना लागते, होली एकाला. मला होली जास्त प्रिय आहे, पण प्रियपणापोटी चुकीचा सल्ला देणार नाही. तरी अल्टिमाला 80 एमपी लागतात. समोर एकच शत्रू असेल आणि तो पवित्र गुणाला कच्चा असेल, तर अर्ध्या किमतीत होलीच मारा.

चौथी पायरी: मारण्याआधी समोर कोण आहे ते बघा

अनडेड बहुतेक सगळ्या भागांत पवित्र हल्ल्याला कच्चे असतात. पण 'भूत दिसलं की होली' एवढ्यावर राहू नका. पाचव्या-सहाव्या भागात कमजोरी तपासायची जादू असते, जुन्या इंग्रजीत स्कॅन, नव्यात लिब्रा. एक पाळी त्यासाठी द्या. नव्या लोकांना ती पाळी वाया गेल्यासारखी वाटते, पण कमजोरी कळली की पुढच्या चार पाळ्या वाचतात.

उलटी बाजूही आहे. काही शत्रू होली पिऊन टाकतात, म्हणजे तुमच्याच हल्ल्याने त्यांचं आरोग्य भरतं. सहाव्या भागात फॅनॅटिक्स टॉवरमध्ये होली ड्रॅगन आहे. नावातच सगळं आलं. त्या मनोऱ्यात फक्त जादू चालते, त्यामुळे हात आपोआप सगळ्यांत भारी जादूकडे जातो आणि नेमका तिथेच फसतो. दुसरी कुठलीही जादू घेऊन जा. तो ड्रॅगन स्वतःही होली मारतो. तुमच्याकडे पॅलॅडिन शील्ड असेल तर ज्याच्या हातात ती ढाल आहे, त्याला त्या होलीने इजा होण्याऐवजी बरंच वाटतं.

अनडेडसमोर आणखी एक सोपी वाट असते आणि ती बहुतेकजण विसरतात. क्युअर ही साधी हीलची जादू अनडेडवर मारली की त्यांना इजा होते. छोट्या सांगाड्यांसाठी 40 एमपीचा होली कशाला?

पाचवी पायरी: पाळ्यांचा क्रम ठरवा

हा लेखाचा गाभा. दहाव्या भागाचं उदाहरण घेते, कारण तिथे ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. पडद्याच्या कोपऱ्यात पुढच्या पाळ्यांची यादी असते: आता कोण, मग कोण. यूनाची, म्हणजे तिथल्या हील करणारीची, पाळी आली, तुमच्या मनात होली आहे. यादी वरून खाली वाचा. यूनाची पुढची पाळी येण्याआधी शत्रूची पाळी किती वेळा येते? एकदा येत असेल आणि सगळे तो एक वार झेलू शकत असतील, तर होली मारा. दोनदा येत असेल, तर आधी हील. एवढाच हिशेब. पहिल्या काही लढायांत तो मोठ्याने बोलून करा, नंतर नजर आपोआप तिकडे जाते.

दहाव्यात होलीला 85 एमपी लागतात, फ्लेअरला 54. म्हणजे यूनाची टाकी दोन-तीन होलींत तळाला जाते आणि तेच एमपी तिच्या हीललाही लागणार असतात. शिवाय काळी जादू डबलकास्टने एकाच पाळीत दोनदा मारता येते, होली मात्र पांढरी जादू असल्यामुळे तसा मारता येत नाही. म्हणून या भागात मी होली शेवटच्या घावासाठी ठेवते. शत्रू अर्धमेला झाला, सगळ्यांचं आरोग्य भरलेलं आहे आणि पुढची पाळी आपली आहे, तेव्हा. यूनाचं निर्वाणा शस्त्र पूर्ण जागं केलंत की कुठलीही जादू एका एमपीत होते, मग गणित पालटतं. पण तो फार पुढचा पल्ला.

बाराव्या भागात हाच क्रम तुम्ही आधी लिहून ठेवता. तिथल्या गॅम्बिट यादीत, म्हणजे पात्राने आपणहून काय करायचं त्या नियमांच्या यादीत, वरची ओळ आधी तपासली जाते, ती लागू नसेल तर खालची. व्हाइट मेजसाठी माझी मांडणी अशी असते: सगळ्यांत वर मेलेल्या साथीदाराला उठवणं, त्याखाली 50 टक्क्यांपेक्षा कमी आरोग्य असलेल्या साथीदाराला हील, आणि त्याखाली 'शत्रू: पवित्र गुणाला कच्चा' या अटीवर होली. शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल झाली की पात्र साथीदार मरत असताना समोर होली मारत राहतं. मी स्वतः हे पाहिलं आहे आणि चूक सापडायला मला बराच वेळ लागला, कारण दोष यादीत असेल असं वाटलंच नव्हतं. समोर अनेक जण आणि त्यातले काहीच अनडेड असतील, तर 'शत्रू: अनडेड' ही अटही चालते.

त्याच भागात व्हाइट रोब्ज नावाचा झगा आहे. तो अंगावर असला की पवित्र हल्ला दीडपट होतो. एक्सकॅलिबर तलवार पवित्र गुणाची आहे, त्यामुळे झग्याचा फायदा तिलाही मिळतो. म्हणून पुष्कळ जण तलवारवाल्याला चिलखताऐवजी जादूगाराचा झगा घालतात. दिसायला विचित्र दिसतं, पण मार पाहा.

चौदाव्या भागातला होली: इथे सावकाश वाचा

चौदावा भाग ऑनलाइन आहे, तिथे तुमच्या चुकीची शिक्षा दुसऱ्या खऱ्या माणसाला होते. म्हणून याला जास्त जागा देते.

सुरुवातीला पैसे लागत नाहीत. मोफत ट्रायल 70 व्या पातळीपर्यंत चालते, तिला मुदत नाही आणि होली 45 व्या पातळीला मिळतो, म्हणजे ट्रायलमध्ये तो मनसोक्त वापरता येतो. भारतात या खेळाचं डेटा सेंटर नाही. जपान, युरोप, ओशनिया आणि उत्तर अमेरिका यांपैकी एक निवडायचं असतं. पात्र तयार करण्याआधी आपल्या जोडणीवर कुठे कमी उशीर लागतो ते तपासा. नंतर मित्र एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे, असं नको. सुरुवात ग्रिडानिया शहरात कॉन्ज्युरर म्हणून करा. 30 व्या पातळीला जॉब क्वेस्ट, म्हणजे पेशाची कामगिरी, करून व्हाइट मेज व्हा. मुख्य कथा आणि जॉब क्वेस्ट मागे पडू देऊ नका.

आता वापर. डंजनमध्ये, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या गुहेत किंवा किल्ल्यात, टँक (शत्रूंचा मार अंगावर झेलणारा साथीदार) पुढे पळतो, दोन-तीन टोळ्या अंगावर घेतो आणि भिंतीपाशी थांबतो. होली तुमच्या भोवती 8 याल्मच्या वर्तुळात फुटतो. याल्म हे त्या जगातलं अंतराचं माप. लक्ष्य निवडायची गरजच नसते. त्यामुळे हील करणाऱ्याने लांब उभं राहायचं ही जुनी सवय इथे सोडावी लागते. टँकच्या शेजारी, गर्दीच्या मधोमध जा. लांबून मारलेला होली मोकळ्या जमिनीवर फुटतो.

मार हा अर्धाच फायदा. लागलेले सगळे शत्रू 4 सेकंद बधिर होतात, म्हणजे तेवढा वेळ टँकला कोणी मारत नाही. दुसऱ्या होलीला हा वेळ अर्धा होतो, 2 सेकंद. तिसऱ्याला 1. त्यानंतर ते शत्रू बधिर होणं थांबतात, फक्त मार लागतो. टँकने स्वतः त्यांना बधिर करणारा वार आधी केला असेल, तर तोही याच मोजणीत धरला जातो. बॉसवर हा परिणाम सहसा होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. टँक पळत असताना त्याच्यावर रीजेन टाका, 35 व्या पातळीला मिळते, हळूहळू आरोग्य भरत राहते. तो थांबेपर्यंत होलीला हात लावू नका. तो थांबला, शत्रू त्याच्याभोवती गोळा झाले की आत शिरा आणि पहिला होली मारा. लगेच दुसरा, तिसरा. प्रत्येक होलीनंतर टँकच्या आरोग्याच्या पट्टीकडे एक नजर. अर्ध्याच्या खाली सरकली की होली बाजूला ठेवून क्युअर 2. बधिरपणाचे ते पहिले तीन वार हेच एक प्रकारचं हील आहे, कारण न बसलेला मार भरून काढावा लागत नाही. इथे होली मारूनही हील करणाऱ्याचं कर्तव्य सुटत नाही. म्हणून मालिकेतला हा सगळ्यांत देखणा होली, असं मला मनापासून वाटतं.

माझी चूक सांगते. 47 व्या पातळीचं ऑरम व्हेल नावाचं डंजन आहे. पहिल्याच मोठ्या दालनात शत्रू खच्चून भरलेले असतात आणि जमिनीवर विषारी डबकी. टँक डाव्या भिंतीला चिकटून पुढे सरकत होता, मी मागे होते. गर्दी दिसली आणि मी चालता चालताच थांबून होली मारला. मागचे पाच-सहा शत्रू जागीच बधिर झाले, टँक पुढे निघून गेला. चार सेकंदांनी ते जागे झाले तेव्हा टँक भिंतीच्या वळणापलीकडे होता आणि मी त्यांच्या मधोमध. पहिल्यांदा मी मेले. मग हीलशिवाय टँक. मग उरलेले दोघे. कोणी रागावलं नाही. टँकने एवढंच लिहिलं की मी थांबलो की मार. पुन्हा गेलो तेव्हा त्याने थांबून एक उडी मारून दाखवली आणि मी आत शिरले.

आणखी काही बारीकसारीक. एमपी झपाट्याने उतरतो, म्हणून ल्युसिड ड्रीमिंग तळ गाठण्याआधीच वापरायला लागा. प्रेझेन्स ऑफ माइंडने जादूचा वेग वाढतो, तो गर्दी सगळ्यांत मोठी असताना वापरा. स्विफ्टकास्ट होलीवर खर्च करू नका, कोणी पडलं तर त्याला पटकन उठवायला तोच लागतो. बेनेडिक्शन, म्हणजे एका झटक्यात पूर्ण हील, 50 व्या पातळीला मिळते. 45 ते 49 या काळात ती नसते, त्यामुळे या चार-पाच पातळ्यांत जरा जपूनच. 45 च्या खालच्या डंजनात गेलात तर तुमची पातळी खाली येते आणि होलीचं बटण बंद होतं, ते बिघडलेलं नसतं.

आणि टँकची एक तक्रार मनावर घ्या. सलग होलीचा पांढरा झोत समोरच्याच्या पडद्यावर इतका भरतो की जमिनीवरच्या धोक्याच्या खुणा दिसत नाहीत. पात्राच्या सेटिंगमध्ये लढाईच्या दृश्यपरिणामांचा पर्याय आहे. स्वतःचे, पार्टीचे आणि इतरांचे परिणाम वेगवेगळे कमी करता येतात. तुम्ही टँक म्हणून खेळाल तेव्हा पार्टीचे परिणाम मर्यादित ठेवा, आणि कोणी नवा टँक कुरकुरला तर त्याला हा पर्याय सांगा.

तलवारीतला होली

व्हाइट मेज व्हायची इच्छाच नसेल तरी पवित्र हल्ला मिळतो. फायनल फँटसी टॅक्टिक्समध्ये आग्रियस ही होली नाइट आहे. तिचे पवित्र तलवारीचे वार एमपी खात नाहीत आणि त्यांना मंत्र पुटपुटायचा वेळही लागत नाही. अट एकच: हातात तलवार हवी. शत्रूने तलवार मोडली की सगळं बंद, तेव्हा शस्त्र मोडणाऱ्या नाइटला आधी गाठा. त्याच खेळातल्या होली जादूचा मार मारणाऱ्याच्या आणि झेलणाऱ्याच्या श्रद्धेच्या आकड्यावर ठरतो. श्रद्धा कमी असलेल्या शत्रूवर होली फिका पडतो, आग्रियसच्या तलवारीला त्याचं काही नसतं. या खेळाची नवी आवृत्ती 2025 मध्ये आली आहे, तीच घ्या.

चौदाव्या भागात पॅलॅडिन घ्या. त्याचा होली स्पिरिट 64 व्या पातळीला येतो. रॉयल ऑथोरिटीपर्यंतची वारांची साखळी पूर्ण केली की पुढचा होली स्पिरिट मंत्राला न थांबता लगेच सुटतो. साखळी न करता तो उभ्या उभ्या मारत बसू नका, वेळ जातो. गर्दीवर मारायचा होली सर्कल मात्र 72 ला मिळतो, मोफत ट्रायल संपते त्याच्या दोन पातळ्या पुढे.